गुरांच्या दवाखान्यातला नायट्रोजन

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पीएचडी करून मी जवळा बाजारच्या पुढे एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले होते. माझं काम अतिवाहकांवरचं. खूप थंड केलं की हे पदार्थ विजेला अडवतच नाहीत. अशा पदार्थाच्या बारीक पट्टीत वीज खेळती ठेवायची आणि वरून लेसरचा क्षणभर झटका मारायचा. पट्टीचा तो गुण मोडतो, वीज एकदम खुंटते आणि त्या धक्क्यातून मायक्रोवेव्ह लहरी बाहेर पडतात. विद्यापीठात त्या लहरी पडद्यावर पहिल्यांदा उमटल्या, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

हे काम कॉलेजात सुरू करू द्यायचं का, ते ठरवायला विद्यापीठाची समिती येणार होती. पसंत पडलं तर तिथला जुना लेसर आम्हाला मिळणार होता. निदान अतिवाहकाची वडी तरी थंड करून दाखवायला हवी. त्याला द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि तो असतो गुरांच्या दवाखान्यात, वळूचं वीर्य गोठवून ठेवायला. तिथल्या डॉक्टरांनी कंटेनर भरून दिला.

"जपून ठेवा ताई. आता नायट्रोजनची गाडी लवकर येत न्हाई."

समिती येणार त्या दिवशी माझा बा आमच्या तांड्यावरून मुद्दाम आला होता. धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाकावर बसला.

समिती समोर बसली. मी झाकण काढलं. आत थेंब नव्हता.

"अरे हो," विभागप्रमुख हसत म्हणाले, "सकाळी पोरांनी हट्ट धरला. धूर दाखवला त्यांना अंगणात ओतून. लई मजा आली."

"सर, त्याच्याशिवाय प्रयोग होत नाही."

"मग फळ्यावर करा की! आपल्या तांड्याच्या मॅडम आहेत, गुरांच्या दवाखान्यातून विज्ञान आणतात."

बाकांवरची पोरं हसली. समितीतले दोघंही हसले. मी खडू उचलला, पट्टी काढली, बाण काढले. बाणापुढे 'लहरी' असं लिहिलं. एकाने घड्याळ पाहिलं. "लेसर इथे ठेवून काय करणार?" असं विचारून त्यांनी फाइल मिटली.

परतीच्या एसटीत बानं तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मोठी माणसं खूश होऊन राहिली होती, व्हय ना?"

"व्हय."

"मंग तू काहून हसली न्हाईस? मोठ्यांपुढं हसावं गं लेकरा."

लेसर आला नाही. सर निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली भिंग आणि आरसे शिकवले. त्यांच्या निरोपाला गौरवाचं भाषण माझ्याकडे दिलं होतं. मी ते केलं. सरांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुणाची पोरगी. कधी उलटून बोलली नाही."

टाळ्या फार वेळ चालल्या.