चटका देणारी पांढरी वाटी

"हे मशीन परत घेऊन जा बाप्पा," मी चप्पल काढायच्या आतच दिगंबरकाका म्हणाले. मायक्रोवेव्ह दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य नवीन नाही. पण आखाडा बाळापूरच्या या काकांचा चेहरा अगदीच पडला होता.

कमलकाकू पाय मोडल्यामुळे पलंगावर होत्या. काकांना गॅस बंद करायची आठवण राहत नाही. म्हणून पुण्याच्या लेकीने मशीन पाठवलं आणि बजावलं, यावर जमलं तर ठीक, नाहीतर दोघांनाही घेऊन जाणार. दोघांनाही गाव सोडायचं नव्हतं.

"होतं काय नेमकं?"

"आधी स्टीलच्या वाटीत वरण ठेवलं, तं ठिणग्या उडाल्या. लेक म्हणे, धातूचं न्हाई चालत. मंग ही ठेवली. तं वाटी चटका देऊन राहिली अन् वरण थंडच!"

वाटी शोकेसमधली, पांढरीशुभ्र. चिनी मातीची वाटावी अशी, पण मेलामाइनची, म्हणजे कडक प्लास्टिकची.

मी माझ्या टेस्टिंगच्या कपात पाणी घेतलं, शेजारी ती रिकामी वाटी ठेवली आणि मिनिटभर मशीन चालवलं. पाणी तापलं, म्हणजे मशीन ठणठणीत. पण वाटीही तापली. रिकामं भांडं असं स्वतःच तापलं तर ते मायक्रोवेव्हला चालत नाही.

मग काकांनी फडताळातली सगळी भांडी खाली काढली. काकू पलंगावरून हुकूम सोडत होत्या. सोनेरी काठाचे कप मी बघूनच बाजूला केले, कारण तो काठही धातूचाच. शेवटी एक जाड, साधा मग सापडला. बुडाशी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं. टेस्टमध्येही गार राहिला.

"अगंबाई! ह्यांच्या दाढीच्या मगात वरण खाऊ मी?"

काकांनी तो तीनदा घासला. मग त्यात वरण गरम करून, स्टीलच्या वाटीत ओतून काकूंना दिलं. काकूंनी फुंकर मारली. हे दोघं मला फार आवडले.

तेवढ्यात लेकीचा फोन. काकूंनीच घेतला.

"काहून नेतेस गं आमाला? जन्मभर म्या ह्यांना गरम वाढलं. आता कुठं हे मला वाढून राहिले, तं तू मधी नको येऊस."

काका तो मग धुवायच्या निमित्ताने आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

आता मशीन बिघडल्याची तक्रार आली की मी निघण्याआधी फोनवर एवढंच विचारतो, गरम कशात करता?