पहिले अर्थ पाहा

शबानाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होते. "मॅडम, अब्बा गेले… आज सकाळी," एवढंच ती बोलली. अशा वेळी विचारतात ते सगळं मी विचारलं. दोन दिवस ताप होता, दवाखान्यात न्यायला गाडी सांगितली, ती दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. फोन ठेवला आणि काय मनात आलं कोण जाणे, उठून अंगणातल्या मोटारसायकलचा हॉर्न दाबून पाहिला. खणखणीत वाजला. मग मात्र मला रडू आवरेना. शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्यांना काय सांगणार, की ज्या माणसाने हा हॉर्न बसवला तो गेला, आणि हॉर्न अजून वाजतो आहे!

जब्बारभाई मिस्त्री बार्शीटाकळीच्या स्टँडामागे टिनाच्या दुकानात मोटारसायकलींचं वायरिंगचं काम करायचे. हॉर्न, इंडिकेटर, बॅटरी, लाइट, जे जे विजेवर चालतं ते त्यांचं. इंजिनाला हात लावत नसत. "इंजिन समोरच्याचं, नसा माह्या," असं म्हणायचे. अंगाने काटकुळे, आवाज खालचा, आणि तोंडाने वायर सोलून सोलून पुढच्या दाताला कायमची खाच पडलेली. चिमटा हातात असला तरी वायर दातातच जायची. दुकानात गाणी म्हणणारे हॉर्न टांगलेले असत. पोरं मागायची म्हणून ते बसवून द्यायचे, पण बसवताना तोंड असं करायचे, जसं कुणी गोड वरणात मिरची टाकली.

माझी-त्यांची ओळखही हॉर्ननेच झाली. माझे वडील अमरावतीचे वकील. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांची मोटारसायकल मी घेऊन आले, कारण अकोल्याहून बार्शीटाकळीच्या पुढच्या शाळेत मराठी शिकवायला मला रोज जायचं होतं आणि एसटीच्या वेळा माझ्या तासांशी कधी जुळत नव्हत्या. साडी नेसून मोटारसायकल चालवणारी बाई त्या रस्त्याने तेव्हा पाहिली नव्हती. लोक बघायचे, मीही त्यांच्याकडे बघायचे. मी कुणाला भिणारी नाही, हे माझं कौतुक नव्हे, खोड आहे. तर एका सोमवारी, भर बाजारात, माझा हॉर्न चिकटला. बटण सोडलं तरी बंद होईना. मी तशीच बोंबलत्या गाडीवर, मान ताठ ठेवून, अख्खा बाजार पार केला आणि या दुकानापुढे थांबले. त्यांनी एक वायर ओढली. एकदम शांतता झाली. मग म्हणाले, "बरं झालं मॅडम, लोकाईले समजलं तुमी आल्या म्हून."

त्याच दिवशी मी त्यांच्याकडून ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर डोळे मिचकावतो, अशी माझी दुसरी तक्रार होती. त्यांनी दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोनतीबी बिमारी असो, पहिले अर्थ पाहा. अर्थ नाही त काहीच नाही." मी एम.ए. मराठी. माझ्या अंगावर काटाच आला! शाळेत जाऊन स्टाफरूममध्ये सांगितलं, की स्टँडामागे एक मिस्त्री बसतो, चौथी शिकलेला, पण बोलणं काय, संतासारखं! वहीत लिहूनही ठेवलं. पुढच्या खेपेला मोठ्या भक्तिभावाने विचारलं, "जब्बारभाई, हे अर्थाचं तुम्ही कुठे ऐकलंत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली एक काळी वायर बोटाने उचलून दाखवली. "हा अर्थ. चेसीचा." म्हणजे अर्थिंगची वायर! दुकानात बसलेले दोघे-तिघे खो खो हसले. मीही हसले, दुसरा इलाज नव्हता. "तुमचा अर्थ पुस्तकात राह्यते मॅडम, माहा चेसीत," ते म्हणाले आणि मग समजावून सांगितलं, "करंट जाते त कोनत्याबी वायरनं जाते. पन त्याले वापस याले रस्ता पायजे. तो हा. वापस आलं नाही, त लाइट लागत नाही."

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. कापूस घरात यायचा आणि घर तसंच राहायचं. पेपर उघडायला हात धजत नसे. नवी मोटारसायकल कुणी घेतली तर लोक वळून बघायचे. त्यामुळे जुन्या गाड्याच ओढल्या जात होत्या आणि जब्बारभाईंकडे रांग असे. अशा एका पावसाळ्यात टेकडीमागच्या गावचा पूल पुराने नेला. त्या गावच्या अकरा पोरी माझ्या दहावीच्या वर्गात होत्या. एसटी येईना. मुलगे सायकली खांद्यावर घेऊन नाला ओलांडून आले. पोरी आल्या नाहीत. मी चौकशीला गेले तर बहुतेक निंदणाला लागलेल्या, आणि थोड्या दिवसांनी वेचणी सुरू होणारच होती. अकरातल्या दोघींचे वडील त्या वर्षी गेले होते. कसे गेले, ते वर्गात कुणी कुणाला विचारत नसे. एकीची आई म्हणाली, "बाई, दिवसा पोरगी वावरात पायजे. तुमी म्हना काहीबी." मी म्हटलं, ठीक आहे, दिवसा तुमची. दिवस उजाडायच्या आधी माझी. साडेपाच ते सात, समाजमंदिरात. वेचणीला जायच्या आत सोडते. मार्चमध्ये या अकराच्या अकरा परीक्षेला बसल्या पाहिजेत, एवढंच मी डोक्यात घेतलं, आणि मी एकदा डोक्यात घेतलं की माझं मलाही काढता येत नाही.

मी वर्ग ठरवला, पण पहाटे गावात भारनियमन. कंदिलात अकराजणींना भूमिती काय दिसणार! मी जब्बारभाईंना म्हटलं, गाडीच्या बॅटरीवर एखादी ट्यूब पेटेल का? त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "किती टाइम?" "दीड तास." "रोज?" "रोज." ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. म्हणाले, ही बॅटरी नाही पुरणार, मोठी पायजे, आणि ती बसायला गाडीच्या बाजूचा डबा कापावा लागेल. दुसऱ्या दिवशी सुटी होती. मी सकाळपासून त्यांच्या स्टुलावर बसून राहिले. डबा कापला, मोठी बॅटरी बसली, तिच्या तोंडाशी फ्यूज. सीटखाली रबरी टोपणाचा सॉकेट. "फ्यूजशिवाय जो वायर ओढते, तो मिस्त्री नाही, आगलाव्या," हे एवढ्यात चारदा सांगून झालं. हातगाडीवाले लावतात तशी छोटी ट्यूब त्यांनी लांब वायर जोडून तयार केली.

दुकानामागेच त्यांचं घर. पडद्याआडून एक मुलगी चहा ठेवून गेली, पंधरा-सोळा वर्षांची. ती परत आली तेव्हा कप न उचलता उघड्या वायरिंगकडे बघत उभी राहिली. "हा पिवळा कुठी गेला अब्बा?" असं काहीसं पुटपुटली, आणि त्यांनी "जाय, अंदर जाय," म्हटल्यावर गेली. मी विचारलं, कोणत्या वर्गात आहे? "घरीच राह्यते. इथी उर्दूचे आठच वर्ग. नववीले अकोल्याले जा लागते. कोन नेते, कोन आनते?" मी गप्प बसायला हवं होतं. मी काय बोलले ते आजही मला स्वच्छ आठवतं. म्हटलं, "परगावच्या अकरा पोरींसाठी तुम्ही डबा कापता जब्बारभाई, आणि घरातलीला चहाला लावता." ते कापडी टेपचे पांढरे तुकडे कापून, त्यांवर बॉलपेनने उर्दूत लिहून, एकेका वायरला गुंडाळत होते. वर पारदर्शक नळी चढवत होते. प्रत्येक गाडीला ते असं करायचे, म्हणजे पुढे कोणी उघडली तर कोणती वायर कशाची ते कळावं. "पुढचा मिस्त्री मराठी असला तर?" मी वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून विचारलं. "मंग तुमी काहून हात लावू देसान त्याले?" ते मान वर न करता म्हणाले. शेवटचा तुकडा लिहायला त्यांना जरा वेळ लागला…

वर्ग सुरू झाला. नाल्यातून गाडी ढकलत न्यायची, सॉकेटचं टोपण काढायचं, पिन घालायची की समाजमंदिरात पांढरा उजेड. दसऱ्याला आमच्या ह्यांना गाडीचं प्रेम आलं. हे अमरावतीला नोकरीला, शनिवार-रविवारचे पाहुणे. गाडी धुवायची, पूजा करायची, इथवर ठीक. पण ह्यांनी सांगाडा बॅटरीसकट मोकळा केला, त्याला काळा ऑइलपेंट मारला, वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. गाडी नवरीसारखी दिसू लागली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्यूब पेटेना. हॉर्न घोगरा. अकरा पोरी अंधारात पाढे म्हणत बसल्या.

मी तणतणत दुकानात गेले. जब्बारभाईंनी गाडी पाहिली, रंग पाहिला, हार पाहिला आणि दोन्ही हात मागे बांधले. "आज मी हात नाही लावत. तुमी शोधा." मी म्हटलं, जब्बारभाई, मला शाळा आहे. "मालूम आहे. पन पहाटं त्या गावात मी राह्यतो का? बंद पडली त कोनाले बोलावसान?" मी तपासणीचा दिवा हातात घेऊन खाली बसले, साडी खोचून. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. फ्यूज शाबूत. बॅटरी भरलेली. सॉकेटपर्यंत करंट येतो आहे. मी सगळं पाहिलं, आणि जे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं तेच तेवढं विसरले. शेवटी जब्बारभाईच पुटपुटले, "पहिले काय पाहा म्हटलं होतं, मॅडम?" बोल्ट उघडला तर खाली गुळगुळीत काळा रंग. ह्यांनी अर्थाच्या जागेवरच दोन हात मारले होते! पॉलिशपेपरने घासून खालचं लोखंड चमकवलं, वायर आवळली, ट्यूब भक्कन पेटली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. जब्बारभाई म्हणाले, "रंगाखाली अर्थ भेटत नसते." त्या वर्षी निबंध तपासताना किती वह्यांच्या खाली मी हे वाक्य लिहिलं असेल!

परीक्षेला आठवडा उरला असताना पुन्हा ट्यूब गेली. पहाट, समाजमंदिर, अकरा पोरी. या खेपेला मी डोकं हरवलं नाही. सरळ बोल्टापाशी गेले. नाल्याच्या पाण्याने गंज धरला होता. एका पोरीने कंपासपेटीतलं कर्कटक दिलं, त्याच्या टोकाने खरवडलं आणि दहा मिनिटांत वर्तुळाचं प्रमेय पुढे सुरू. शाळा सुटल्यावर मी विजयी मुद्रेने दुकानात जाऊन सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी विचारलं, "दाताचं वॉशर टाकलं का?" नव्हतं टाकलं. त्यांनी डब्यातून दातेरी वॉशर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "मंग अर्धंच काम केलं."

अकराच्या अकरा परीक्षेला बसल्या. नऊ पास झाल्या, दोघी ऑक्टोबरला. पेढे घेऊन दुकानात गेले तेव्हा जब्बारभाईंनी पेढा तसाच हातात धरून ठेवला. मग पडदा सारून आत बघितलं आणि मला म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुमी बोलल्या, मले लई लागलं. खोटं नव्हतं म्हून लागलं… आता इले परीक्षेले बसवता का?" मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला. शबाना आमच्याकडे मराठीतून शिकली, गणितात एकदा अडकली, दुसऱ्यांदा निघाली. पुढे आयटीआय केलं. लग्न झालं, परत बार्शीटाकळीतच आली, आणि आज सात-आठ वर्षं त्या दुकानात तीच बसते. नवं गिऱ्हाईक येऊन विचारतं, मिस्त्री कुठी आहे? ती म्हणते, "मीच. सांगा."

यंदाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन तिच्याकडे गेले. दरवर्षी हार घालायच्या आधी मी तो बोल्ट उघडून घासते, पण यंदा एकटीने करवेना. तिने सीट काढली. वीस वर्षांत बॅटऱ्या बदलल्या, ट्यूब कधीच फुटली, पण नळीतले पांढरे तुकडे जसेच्या तसे होते. अब्बांचं अक्षर दिसल्यावर ती एकेक वाचत गेली, बोटाने. "हॉर्न… इंडिकेटर… ब्रेक…" शेवटी सॉकेटच्या वायरपाशी थांबली. मला इतकी वर्षं वाटायचं, तिथे 'सॉकेट' लिहिलेलं असेल. मी विचारलं, काय गं?

"माहं नाव आहे, मॅडम."

मला त्या दिवशीचे जब्बारभाई दिसले, मान खाली घालून शेवटचा तुकडा लिहिणारे. मी त्यांना ऐकवून मोकळी झाले होते आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहून माझ्याच गाडीत ठेवलं होतं. शब्दाशब्दाचा अर्थ विचारत पोरांना छळणारी मी, ते लिहिलेलं कुणाकडून वाचून घ्यावं, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

शबानाने ओढणीने डोळे पुसले, पाना उचलला आणि अगदी त्यांच्यासारखं, खालच्या आवाजात विचारलं, "याचा अर्थ पाहिला का तुमी?"

"नाही गं," मी म्हटलं. "आज पाहिला."

मग आम्ही दोघींनी मिळून बोल्ट उघडला, घासला, आणि दाताचं वॉशर टाकून आवळला.