ज्यातून मागे पाणी उरतं

औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला 'ताई' म्हणत, अगदी वयाने मोठे असलेलेसुद्धा. ती प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती आणि तिचा नवरा खालच्या मजल्यावर रसायनं शिजवायचं मोठं भांडं, म्हणजे रिअ‍ॅक्टर चालवायचा. घरी कारखान्याचा विषय काढायचा नाही, असं दोघांचं ठरलेलं होतं.

एका संध्याकाळी ते मोडलं. नायट्रोजनच्या संयुगाला मिथिल गट, म्हणजे कार्बनचा एक छोटा तुकडा, जोडायला तिथे डायमिथिल सल्फेट हे विषारी द्रव वापरायचे. त्याला फारसा वास नाही आणि त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून जास्तच घातक. पाइपच्या जोडातून ते झिरपत होतं आणि नवऱ्याला पत्ताच नव्हता. घरी येऊन जेवायला बसला, तेव्हा डोळ्यांना धारा लागल्या, मग घसा आवळला. जीव वाचला, पण आवाज बसला तो कायमचा. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये घेतलं.

"तुझ्या आईला फोन केला तर म्हणतात राँग नंबर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. ताईला काही हसू आलं नाही.

तिने कारखान्याच्या साहेबांच्या मागे पद्धत बदलायचा धोशा लावला. रुथेनियम या धातूचा उत्प्रेरक वापरून हेच काम साध्या मिथेनॉलने होतं. रुथेनियम मिथेनॉलमधला हायड्रोजन काढून घेतो, त्यामुळे ते नायट्रोजनशी जुळायला तयार होतं. जुळलं की तोच हायड्रोजन परत देतो. मागे उरतं फक्त पाणी.

"मिथेनॉल काय अमृत आहे का? तेही विषच." साहेब म्हणाले.

"नाही. पण ते सांभाळता येतं."

बंद नळीत प्रयोग झकास जमला. मोठ्या भांड्यात मात्र माल अर्धवटच तयार व्हायचा. उत्प्रेरक मेला, असं जो तो म्हणू लागला. ताईने तो तपासला. चांगला जिवंत होता. मग ती ते भांडं चालवणाऱ्या ऑपरेटरजवळ जाऊन उभी राहिली.

"दाब वाढला की काय करतोस?"

"व्हॉल्व्ह जरा सैल करतो. तुम्हीच सांगितलंय ना, जपून?"

ताईने कपाळावर हात मारला. परत द्यायचा हायड्रोजन तिच्याच सूचनेने बाहेर निघून जात होता.

जास्त दाब सोसणारं भांडं आलं, व्हॉल्व्ह बंद राहिला आणि माल पूर्ण बनला. त्यात राहिलेला धातूचा अंश काढताना तिची दमछाक झाली, कारण औषधात तो चालत नाही. पण तेही जमलं. डायमिथिल सल्फेटची पिंपं त्या विभागातून हलली.

सगळीकडून मात्र नाही. एका मालात गंधक आहे आणि त्या गंधकापुढे रुथेनियम गार पडतो. तिथे अजून जुनीच पद्धत चालते. ताई सध्या त्यावर काम करते आहे, आणि जेवताना नवरा आता बिनदिक्कत विचारतो, "काय गं, आज काही हललं का?"