दहापैकी तीन

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. डोकंच एवढं फिरलं होतं.

गंगापूर रोडला बिअर बनवून तिथंच पाजणारं एक हॉटेल हाय. त्याला मी जांभळं देत होतो. त्यांनी फळ्यावर खडूनं लिहिलेलं, ‘हरसूलच्या जांभळाची बिअर, फक्त या मोसमात’. मला वाचायला वेळ लागतो, पण माझ्या गावाचं नाव लगेच कळतं.

त्या दुपारी क्रेट घेऊन गेलो, तर हा चष्मेवाला बसलेला. ग्लास उजेडात धरायचा, वास घ्यायचा, डोळे मिटून घोट घ्यायचा आणि वहीत मार्क लिहायचा. जांभळाच्या बिअरला त्यानं दहापैकी तीन दिले.

"माझ्या झाडाला नापास करणारा तू कोण रं?" मी म्हणालो.

तो चिडला नाही. त्यानं जीभ काढून दाखवली. अख्खा ग्लास पिऊनही ती लालच होती. मग माझ्या क्रेटमधलं एक जांभूळ खाल्लं, बी तळहातावर घेतली आणि परत जीभ दाखवली. आता ती जांभळी झालेली.

"बाबा, यात तुमचं फळच नाही. नुसता बाटलीतला वास ओतलाय."

माझी जांभळं टेबलांवर वाट्यांत शोभेला ठेवली होती. मी फळ्यावरचं गावाचं नाव उपरण्यानं पुसलं आणि क्रेट उचलला. कोणाची अडवायची छाती झाली नाही.

मागून तो म्हणाला, "तुमच्या जांभळाला नऊ. बी मोठी आहे, म्हणून एक कापला."

हॉटेलवाल्याला मी कधीच सोडून दिलं. त्या एका मार्काचा राग मात्र अजून जात नाय. बी नसती, तर माझ्या आज्यानं झाड काय वासातून लावलं असतं?