बॅनरवरचं साल

आमच्या जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेत धम्मानंद रामटेके बावीस वर्षं कारकून होता. संघटनेत काम करणारा तो एकटाच, बाकीचे सगळे पदाधिकारी. नागपुरातल्या इंदोऱ्याहून सायकलवर यायचं, मैदानाच्या स्टँडखालची खोली उघडायची, टेबल पुसायचं आणि निळं-लाल अशी दोन पेनं समोर मांडायची, हा त्याचा नेम. तत्त्व एकच, 'कागद पुरा पाहिजे.' शर्यत कोण जिंकलं हे तो विसरायचा, पण कोणाच्या जन्मदाखल्यावर शिक्का नाही हे त्याला वर्षानुवर्षं आठवायचं. मी निवृत्त पी.टी. मास्तर. सकाळी फिरायला म्हणून मैदानावर जायचो आणि चहासाठी त्याच्या खोलीत बसायचो.

वरून आदेश आला होता, की खेळाडूंना दरवर्षी उत्तेजक द्रव्यांची माहिती द्या. काय घ्यावं, काय घेऊ नये, शंका आली तर कोणाला विचारावं, सगळं. संघटनेने ही जबाबदारी फार मनावर घेतली आणि एक बॅनर छापला. 'उत्तेजक द्रव्यविरोधी जागृती शिबिर, २०१४'. पुढच्या वर्षी धम्मानंदने सालावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सुबक अक्षरात २०१५ लिहिलं. मग दरवर्षी नवी पट्टी. पदाधिकारी बॅनरखाली उभे राहायचे, फोटो निघायचा, तर्री-पोहे यायचे आणि शिबिर संपायचं. त्यातल्या तीन फोटोंत 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून मी आहे. माझं मार्गदर्शन 'तर्री अजून थोडी वाढा' एवढंच होतं, हे इथेच कबूल करून टाकतो.

खेळाडूंना या शिबिराचं बोलावणं जायचं नाही. पण त्यांच्या सह्या तर हव्यात. त्यावर धम्मानंदने युक्ती काढली. जिल्हा स्पर्धेत टी-शर्ट घेताना पोरं ज्या तक्त्यावर सही करायची, त्याच्याच माथ्यावर तो नंतर 'शिबिरास उपस्थित' असं लिहायचा. एका सहीत दोन कामं. त्याच्या हुशारीचं आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं.

कामठीची दीप्ती आठशे मीटर धावायची. वडील पॉवरलूमवर, मुलगी एकोणीस वर्षांची, पायात वारं. जिल्ह्यात पहिली आली तेव्हा सचिव महादेवरावांनी तिला बक्षीस म्हणून ताकदीच्या पावडरचा मोठा डबा दिला. संघटनेला टी-शर्ट देणाऱ्या व्यापाऱ्याचाच माल, शहराबाहेर वाडीला असलेल्या गोदामातून आलेला. "हे रोज पी, अन् नागपूरचं नाव काढ," महादेवराव म्हणाले. पोरगी आज्ञाधारक. रोज सकाळी दुधातून प्यायली.

पुढच्या मोठ्या स्पर्धेत तिची लघवी तपासली गेली आणि बंदी असलेलं द्रव्य सापडलं. डब्यावर त्याचं नाव नव्हतं. पण नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. चार वर्षांच्या बंदीची नोटीस आली. या वयात चार वर्षं म्हणजे धावणं संपल्यात जमा.

नोटिशीची प्रत संघटनेकडे आली तसं महादेवरावांनी उत्तर सांगितलं, 'सदर खेळाडूस शिबिरात संपूर्ण माहिती देण्यात आली होती. सही सोबत जोडली आहे.' धम्मानंदने ते टाईप केलं, तक्त्याची प्रत जोडली आणि दीप्तीच्या सहीखाली लाल रेघ मारली.

दोन दिवसांनी दीप्ती डबा घेऊन त्याच्या खोलीत आली. मी तिथेच चहा पीत होतो.

"काका, हा डबा मले कोणं देला?"

"संघटनेनं."

"अन् पिऊ नको म्हणून कोणं सांगतलं?"

धम्मानंदने तक्ता पुढे सरकवला. "सही तुहीच हाये ना, बेटा?"

"माहीच हाये." तिने सहीशेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे 'मीडियम' लिहिलं होतं. "शिबिराले साइज कायले लागते, काका?"

ती गेल्यावर धम्मानंदने तक्ता माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "मास्तर, कागद तं पुरा होता. मंग असं काहून झालं?"

मी शहाणपणा केला. "तू कारकून माणूस. मोठ्यायच्या भानगडीत कायले पडतं गा?"

"पोरीचे चार वर्षं जाऊन राहिले, मास्तर. अन् फोटोत तुमी बी हाये ना."

मी कप खाली ठेवला. लाज वाटली, खरं सांगतो.

सुनावणी मोबाइलवर होती, दीप्तीच्या घरून. धम्मानंद गुंडाळलेला बॅनर मांडीवर आडवा घेऊन शेअर ऑटोने कामठीला गेला. मीही गेलो, पण मागे उभा राहिलो. संघटनेच्या कपाटात उरलेला एक सीलबंद डबा त्याने आधीच तपासायला पाठवून दिला होता आणि त्यात तेच द्रव्य निघालं होतं. प्रश्न उरला होता तो शिबिराचा. सुनावणी घेणाऱ्या, पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, "शिबिर झालंच नाही, याला पुरावा काय?"

दीप्तीने आणि तिच्या आईने बॅनरची दोन टोकं धरली. धम्मानंद नखाने पट्ट्या सोलू लागला. २०२४ खाली २०२३ निघालं, त्याखाली २०२२. २०२० चीही पट्टी होती. त्या वर्षी मैदानाला कुलूप होतं, पण शिबिर मात्र पार पडलं होतं. २०१९ काही केल्या निघेना. "मॅडम, दोन मिनिटं थांबा, हे साल लय पक्कं बसलं हाये," म्हणत त्याने कोमट पाण्याचं फडकं मागितलं. शेवटी छापील २०१४ उघडं पडलं.

"या पट्ट्या कोणी चिकटवल्या?"

"मीनं. अन् तक्ता टी-शर्टचा हाये, त्याच्यावरचं 'शिबिरास उपस्थित' बी मीनंच मागून लिवलं."

बंदी चार वर्षांवरून एका वर्षावर आली.

संघटनाही स्वस्थ बसली नाही. संघटनेच्या मालमत्तेची, म्हणजे बॅनरची, नासधूस केल्याबद्दल धम्मानंदला कामावरून काढलं. पेपरात बातमी आली, 'डोपिंग प्रकरणी संघटनेची कठोर कारवाई'. उभ्या आयुष्यात जो बससाठीसुद्धा पळाला नाही, तो आमच्या जिल्ह्यातला डोपिंगचा एकमेव गुन्हेगार ठरला. आता तो वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो. महादेवराव सचिवच आहेत. पावडरच्या डब्याचा रंग बदलला. नवा बॅनरही आला. तो छापतानाच साल गाळलंय, म्हणजे चिकटवायची कटकट नाही.

बंदी संपल्यावर दीप्ती जिल्हा स्पर्धेला आली. धम्मानंद सुट्टी टाकून आला होता. आम्ही दोघं स्टँडच्या पायरीवर बसलो होतो. समोर टी-शर्टची रांग होती, आणि या वेळी तक्त्याच्या माथ्यावर 'शिबिरास उपस्थित' आधीच छापलेलं होतं. दीप्तीने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग सही केली आणि सहीपुढे लिहिलं, 'टी-शर्ट मिळाला. शिबिर झालं नाही.' मागच्या मुलीने ते वाचलं आणि स्वतःच्या सहीपुढेही तेच लिहिलं.

धम्मानंद खाली उतरला, लांबूनच मान वाकडी करून तक्ता पाहिला आणि परत येऊन बसला.

"पोरीनं रकान्याच्या बाहेर लिवलं, मास्तर," तो म्हणाला. "पण कागद आता पुरा झाला."