मेब्रीला सांगितलेला डाव

ड्वेन ह्रुस्का ओहायोतल्या पोलाद कामगाराचा मुलगा. स्वतः मैदानावर कधी चमकला नाही, पण डाव रचावा तर त्यानंच. अकरा वर्षं तो एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा डाव सांगणारा कोच होता. कडेला उभं राहायचं, कुणी ओठ वाचू नये म्हणून तोंडापुढं कागद धरायचा आणि रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे मैदानात डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये पुढचा डाव सांगायचा. डाव सुरू करायला घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज आपोआप बंद. क्वार्टरबॅकला उलट बोलायची सोय नाही.

क्वार्टरबॅक टेरेल मेब्री सात वर्षं त्याचं ऐकत आला होता. “बायकोपेक्षा तुमचीच कटकट जास्त असते माझ्या कानात, कोच,” असं चिडवायचा.

डिसेंबरातल्या एका सामन्यात टेरेलचं डोकं जमिनीवर आपटलं. तो उठला, पण दोन पावलं भलतीकडेच गेला. ड्वेननं ते पाहिलं. शेवटचं मिनिट, चार गुणांची पिछाडी. ‘टेरेल, बाहेर ये,’ एवढंच म्हणायचं होतं. पण ड्वेननं डाव सांगितला. उजवीकडे सरक, थांब, लांब फेक.

टेरेल उजवीकडे सरकला, थांबला. चेंडू हातातून सुटतो न सुटतो तोच दोघांनी त्याला आडवं केलं. संघ जिंकला. टेरेल पुन्हा कधी खेळला नाही.

ड्वेनला त्याच्या घरी जायचा धीर झाला तो मार्चमध्ये. टेरेलच्या बायकोनं, ओडेसानं दार उघडलं.

“आत्ता सवड झाली होय? हळू बोला. उजेड, आवाज, काही सोसवत नाही त्याला.”

पडदे ओढलेले. टेरेल काळा चष्मा लावून बसला होता.

“मी तुला बाहेर काढायला हवं होतं,” ड्वेन म्हणाला. “मला दिसलं होतं रे.”

टेरेलनं मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाला, “रेडिओ बंद पडला होता तेव्हा. नुसती खरखर. तो डाव माझाच होता, कोच.”

ड्वेननं नकारार्थी मान हलवली. सांगितलेला एकेक शब्द या माणसानं पाळला होता.

“खोटं बोलतोस.”

“एकदा तरी माझं ऐका की हो.”

ड्वेननं त्याच महिन्यात नोकरी सोडली. आता दर गुरुवारी तो टेरेलला डॉक्टरकडे नेतो. जायला दोन तास लागतात. टेरेलला बोलणं सोसत नाही, म्हणून गाडीत कुणी बोलत नाही.