नानांचा रोजचा प्रश्न

"तू कोनी पोर शे वं?"

संध्याकाळी मी कॉलेजातून आले की ओट्यावर बसलेले शेजारचे नाना त्यांच्या खानदेशी बोलीत हे विचारायचेच. मी वडिलांचं नाव सांगे. मग ते हसून म्हणत, "मंग तू तं आपलीच शे!" पाच मिनिटांनी पुन्हा तेच. गुजराती मुलखातल्या कतारगामच्या आमच्या चाळीतली मुलं त्यांची टिंगल करत. मला मात्र नाना सोयीचे वाटत. इंग्रजी शाळेत शिकलेली मी चारचौघांत मराठी बोलायला बिचकत असे. नानांसमोर चुकलं तरी पुढच्या खेपेला पाटी कोरी.

खानदेशातून आलेल्या नानांचा जन्म लूमवर कापड विणण्यात गेला होता. स्वतःच्या नातवंडांची नावं विसरले, तरी माझी ओढणी चिमटीत धरून सांगत, "कच्चा माल शे. परत कर."

एकदा मार्चमध्ये त्यांचा प्रश्न अचानक थांबला. दिवसभर ग्लानी; मध्येच जागे होऊन तुटलेला धागा शोधल्यासारखी हवेत बोटं फिरवत ओरडायचे, "तार तुटना! मशीन बंद कर!" सून सुमनकाकूंना तर त्यांनी चोर समजून ढकललं.

"आता खाटेला बांधनं, नाही तं गावी नेऊन ठेवनं," मुलगा भास्करभाऊ रडकुंडीला येऊन म्हणाले.

डॉक्टर घरी आले. "आ क्यारथी छे?" हे कधीपासून, त्यांनी गुजरातीत विचारलं.

"दोन वरीस झाले, साहेब. म्हातारपन," भास्करभाऊ म्हणाले. डॉक्टरांनी बॅग बंद केली.

"नाही," मी दारातून म्हणाले. सगळे वळले; माझे कान तापले. "परवापर्यंत मला विचारत होते, कोणाची पोर म्हणून. कालपासून नाही."

डॉक्टरांनी बॅग पुन्हा उघडली. विसरणं हळूहळू वाढतं, ते म्हणाले. माणूस असा एकाएकी बदलला तर आत काहीतरी दुखणं असतं. त्यांनी ताप पाहिला, ओटीपोट दाबलं, पाणी किती पितात ते विचारलं.

"गादी ओली करतात म्हनून मीच कमी देत होते," सुमनकाकू पुटपुटल्या.

लघवीच्या तपासणीत जंतू निघाले. दवाखान्यात सलाईन लागली, औषधं सुरू झाली. बांधायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. फुटेल म्हणून कपाटात ठेवलेला चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा, ओळखीचं कुणीतरी जवळ बसा. नाना ओरडले की भास्करभाऊ वाद न घालता त्यांचा हात धरत, "मी शे ना, नाना." सकाळी ताळ्यावर, संध्याकाळी पुन्हा गोंधळ, असं काही दिवस चाललं. मग ते ओसरलं.

घरी आल्यावर ओट्यावर त्यांची खुर्ची टाकली. मी कॉलेजातून आले. नानांनी चष्म्यातून मला निरखलं.

"तू कोनी पोर शे वं?"

आत सुमनकाकूंचं लाटणं थांबलं. मी वडिलांचं नाव सांगितलं.

"मंग तू तं आपलीच शे!"

पुढे काही वर्षं नाना होते, आणि विसरतच गेले. पण त्या संध्याकाळी भास्करभाऊ पायरीवर बसले, डोळे पुसत म्हणाले, "पुन्हा विचारा, नाना."

नानांनी पुन्हा विचारलं.